दुकानातल्या कॉम्प्युटरचा ब्राउझर गिऱ्हाइकांसाठी सुरक्षित कसा करायचा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: तालुक्याच्या गावी झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. दोन कॉम्प्युटर, एकावर विंडोज १० आणि दुसऱ्यावर अजून विंडोज ७. चार दिवसांपासून पडद्याच्या कोपऱ्यात 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस सापडले' अशी चौकट सारखी उगवते आणि काही शोधायला गेलं की भलत्याच सर्च इंजिनचं पान उघडतं. म्हणून तुम्ही विचारलंत की ब्राउझर कोणता घेऊ, सेटिंग कोणती बदलू, आणि यापुढे सगळं इन्कॉग्निटोमध्येच, म्हणजे ब्राउझरच्या खाजगी खिडकीतच केलं तर भागेल का.

दादा, मी गेली अठरा वर्षं अशाच दुकानांचे, पतसंस्थांचे आणि छोट्या ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळते. तुमचा प्रश्न वाचून मला त्या चौकटीपेक्षा दुसऱ्याच गोष्टीची काळजी वाटली. तुमच्या ब्राउझरमधून रोज वीस-पंचवीस परक्या माणसांची माहिती जाते: आधार नंबर, जन्मतारीख, पासबुकाचं पहिलं पान, मुलीच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म, कुणाचा ईमेलचा पासवर्ड. ब्राउझर बनवणाऱ्यांनी तो एका माणसासाठी बनवलेला असतो. त्या माणसाचं शक्य तेवढं लक्षात ठेवायचं, म्हणजे त्याला पुन्हा टाइप करावं लागू नये. घरी ही सोय असते, पण तुमच्या काउंटरवर हाच धोका आहे. तेव्हा कोणता ब्राउझर घ्यावा हा प्रश्न दुय्यम. आहे त्या ब्राउझरला विसरायला कसं शिकवायचं, हा खरा प्रश्न.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर ठरतील. बोटांचे ठसे घेणारं उपकरण याच कॉम्प्युटरला लावता का, तुमच्या स्वतःच्या बँकेचे व्यवहार इथूनच करता का, आणि विंडोज ७ वाला कॉम्प्युटर बदलायची ऐपत यंदा आहे का. त्या त्या ठिकाणी मी दोन्ही बाजू सांगते. सेटिंगची नावं मी क्रोमची देते, कारण बहुतेक दुकानांत तोच असतो. आवृत्तीगणिक नावं इकडची तिकडे होतात, म्हणून सेटिंगच्या पानावर वरच्या शोधचौकटीत शब्द टाकून शोधणं सोपं पडतं.

आधी ती चौकट. बहुतेक वेळा तो व्हायरस नसतो, ते नोटिफिकेशन असतं. कुणीतरी निकाल पाहताना किंवा फुकट पीडीएफ उतरवताना एका पानावर गेलं, 'तुम्ही रोबोट नाही हे दाखवण्यासाठी अलाऊ दाबा' असं तिथे लिहिलेलं होतं, आणि ते दाबलं गेलं. त्या क्षणी त्या संकेतस्थळाला तुमच्या पडद्यावर हवं तेव्हा संदेश टाकायची परवानगी मिळाली. 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'मधल्या 'साइट सेटिंग्ज'मध्ये जाऊन 'नोटिफिकेशन्स' उघडा. परवानगी मिळालेल्यांच्या यादीत अनोळखी नावं दिसतील, ती सगळी काढून टाका. वरचा पर्याय असा करा की यापुढे कोणत्याही संकेतस्थळाने नोटिफिकेशन विचारूच नये. दुकानाच्या कामाला नोटिफिकेशनची गरज पडलेली मी आजवर पाहिली नाही. मग 'सिस्टिम'मध्ये जाऊन क्रोम बंद केल्यावरही मागे चालू राहण्याची मुभा काढून घ्या, नाहीतर खिडकी मिटली तरी त्या चौकटी येत राहतात. चौकटीत फोन नंबर दिलेला असेल तर तो फिरवू नका. पलीकडचा माणूस कॉम्प्युटर दुरुस्त करायच्या नावाखाली पडद्याचा ताबा मागतो.

सर्च इंजिन आपोआप बदललं असेल तर संशय एक्स्टेंशनवर, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमवर घ्या. एक्स्टेंशन्सचं पान उघडून प्रत्येकाचा हिशेब करा: हे कुणी टाकलं, कशासाठी, आणि ते किती संकेतस्थळांवरचा मजकूर वाचू शकतं. पीडीएफ जोडणारी, फोटो लहान करणारी, स्क्रीनशॉट काढणारी एक्स्टेंशनं फॉर्मच्या दुकानांत हमखास सापडतात. 'सर्व संकेतस्थळांवरची माहिती वाचणे आणि बदलणे' एवढी परवानगी ज्याला दिली, ते तुम्ही फॉर्ममध्ये भरत असलेला आधार नंबरही वाचू शकतं. आज चांगलं असलेलं एक्स्टेंशन उद्या विकलं जाऊ शकतं, हेही ध्यानात ठेवा. 'द ग्रेट सस्पेंडर' नावाचं एक्स्टेंशन वीस लाखांहून अधिक लोक वापरत होते. मूळ लेखकाने २०२० मध्ये ते दुसऱ्याच्या हाती दिलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये घातक म्हणून गूगलला ते काढून टाकावं लागलं. वापरणाऱ्यांनी काहीच चूक केली नव्हती. मालक बदलला, एवढंच. म्हणून दुकानाच्या ब्राउझरवर मी जाहिरात अडवणाऱ्या एका एक्स्टेंशनपलीकडे काही ठेवत नाही.

याच ओघात एक सांगते, जरी ही ब्राउझरची सेटिंग नव्हे. फोटो ५० केबीच्या आत बसवायला किंवा तीन पानांचा एक पीडीएफ करायला गिऱ्हाइकाचे कागद कुठल्यातरी फुकट संकेतस्थळावर चढवू नका. तिथे आधार, सही आणि फोटो असा पूर्ण संच एका अनोळखी सर्व्हरवर जातो. फोटो लहान करायला विंडोजमधलं पेंट पुरतं. विंडोज १० मध्ये 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' आधीपासून असतं. आयत्या वेळी रांग लागलेली असताना हे जड वाटतं हे मला ठाऊक आहे, पण आठवडाभरात हात बसतो.

एक्स्टेंशन काढूनही पान भलतंच उघडत असेल तर 'रिसेट सेटिंग्ज' वापरा. त्याने एक्स्टेंशनं बंद होतात, कुकी (तुम्हाला ओळखायला संकेतस्थळं ब्राउझरमध्ये ठेवतात त्या छोट्या नोंदी) जातात, पण बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड राहतात. त्याआधी मेनूच्या तळाशी 'मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन' असं लिहिलं आहे का ते बघा. तुमच्या दुकानाला कसली ऑर्गनायझेशन? ते दिसत असेल तर एखाद्या प्रोग्रॅमने ब्राउझरवर विंडोजच्या पातळीवरून नियम लादलेले असण्याची शक्यता आहे. काही अँटिव्हायरसही असे नियम टाकतात, म्हणून आधी ते तपासा. कारण सापडलं नाही तर मी वेळ न घालवता कागदपत्रं बाहेर काढून विंडोज नव्याने टाकते. आणि मग सगळे पासवर्ड बदलते, तेही दुसऱ्या, स्वच्छ कॉम्प्युटरवरून किंवा फोनवरून. माहिती चोरणारे प्रोग्रॅम साठवलेल्या पासवर्डांबरोबर लॉग-इनच्या कुकीही उचलतात. अशी कुकी हाती आली की चोराला पुष्कळदा पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही लागत नाही. म्हणून पासवर्ड बदलताना 'सर्व उपकरणांवरून लॉग-आउट' हेही दाबायचं.

आता इन्कॉग्निटो. या खिडकीत जे होतं ते ती मिटल्यावर त्या कॉम्प्युटरच्या इतिहासात राहत नाही. तिचं काम तेवढंच. संकेतस्थळाला तुम्ही दिसता आणि इंटरनेट पुरवणाऱ्यालाही दिसता. या गैरसमजावरून अमेरिकेत २०२० साली गूगलवर खटला झाला होता, आणि २०२४ मधल्या तडजोडीत साठवलेल्या नोंदी नष्ट करण्याचं कंपनीने मान्य केलं. तुमच्या दृष्टीने आणखी महत्त्वाची गोष्ट अशी की उघड्या असलेल्या सगळ्या इन्कॉग्निटो खिडक्यांची आठवण एकच असते. एका गिऱ्हाइकाने एका खिडकीत ईमेल उघडला, ती खिडकी मागे राहिली, आणि पुढच्यासाठी तुम्ही नवी इन्कॉग्निटो खिडकी काढलीत, तर त्या नव्या खिडकीत पहिल्याचाच ईमेल उघडतो. शेवटची खिडकी मिटेपर्यंत काहीही पुसलं जात नाही. हे मी एका दुकानात समोर घडताना पाहिलं आहे. एका बाईंच्या दवाखान्याचे रिपोर्ट दुसऱ्याच माणसासमोर उघडे पडले होते.

म्हणून मी कामाचे दोन भाग करते. गिऱ्हाईक स्वतःचा ईमेल किंवा व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडणार असेल तेव्हा गेस्ट मोड. वर उजवीकडच्या प्रोफाइलच्या चिन्हातून तो उघडतो, त्यात तुमचे बुकमार्क, पासवर्ड, एक्स्टेंशनं काहीच नसतं, आणि सगळ्या गेस्ट खिडक्या मिटल्या की त्याची आठवण जाते. दोन मर्यादा लक्षात असू द्या. उतरवलेली फाइल कॉम्प्युटरवर तशीच राहते, आणि तुमच्या प्रोफाइलमध्ये केलेली सेटिंग गेस्टला लागू होतीलच असं नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या बाबतीत गिऱ्हाइकाला त्याच्या फोनवरच्या 'लिंक्ड डिव्हायसेस'मध्ये जाऊन तुमचा कॉम्प्युटर काढायला सांगा आणि तो काढताना तुम्ही बघा. त्याहून सोपं म्हणजे दुकानाचा वेगळा ईमेल ठेवायचा, गिऱ्हाइकाने आपल्या फोनवरून कागद त्यावर पाठवायचा, प्रिंट झाली की तो मेल आणि फाइल दोन्ही त्याच्यासमोर पुसायचं.

दुसरा भाग म्हणजे तुम्ही स्वतः फॉर्म भरता ते कामाचं प्रोफाइल. इथे बदल जरा जास्त आहेत. 'सिंक अँड गूगल सर्व्हिसेस'मध्ये 'अलाऊ क्रोम साइन-इन' बंद करा. हे चालू असेल तर कुणी जीमेल उघडला की ब्राउझरही त्याच्या नावावर साइन-इन होऊ शकतो. त्यात सिंक, म्हणजे खात्यातली माहिती सगळ्या उपकरणांवर सारखी ठेवणं, चालू झालं तर त्याचे पासवर्ड तुमच्याकडे येतात आणि तुमचे त्याच्याकडे जातात. मग 'ऑटोफिल अँड पासवर्ड्स'मध्ये पासवर्ड साठवण्याची विचारणा, कार्ड आणि पत्ते, तिन्ही बंद. नावाच्या चौकटीत एक अक्षर टाइप केलं की खाली आधीच्या दहा गिऱ्हाइकांची नावं लोंबतात, मोबाइलच्या चौकटीत नंबर लोंबतात, आणि समोर बसलेला माणूस ते वाचत असतो. हे या पत्त्यांच्या सेटिंगमुळे. आजवर साठलेलं काढायला कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट एकत्र दाबा, काळ 'ऑल टाइम' निवडा आणि 'ऑटोफिल फॉर्म डेटा'वर खूण करून पुसा. फायरफॉक्स वापरत असाल तर तिथे 'शोध आणि फॉर्मचा इतिहास लक्षात ठेवा' या अर्थाची वेगळी खूण असते, ती काढा.

पुढचं, 'ऑन स्टार्टअप'मध्ये 'कंटिन्यू व्हेअर यू लेफ्ट ऑफ' असेल तर ते बदलून नवं कोरं पान उघडू द्या. नाहीतर सकाळी ब्राउझर सुरू करताच काल संध्याकाळचं शेवटच्या गिऱ्हाइकाचं लॉग-इन पुन्हा जिवंत होऊ शकतं. साइट सेटिंग्जमध्ये कॉम्प्युटरवर साठणाऱ्या माहितीचा एक पर्याय आहे. तो असा ठेवा की सगळ्या खिडक्या मिटल्या की संकेतस्थळांनी ठेवलेलं सगळं पुसलं जावं. तुम्हाला दर वेळी पोर्टलवर नव्याने लॉग-इन करावं लागेल, हा त्रास खरा आहे, पण मी तो पत्करायला सांगते. आणि 'डाउनलोड्स'मध्ये प्रत्येक फाइल कुठे ठेवायची ते विचारायला लावा. 'आजचे कागद' असं एक फोल्डर करा, सगळं त्यात उतरवा, दुकान बंद करताना ते रिकामं करा आणि रिसायकल बिनही. डाउनलोड्सच्या फोल्डरमध्ये तीन-तीन वर्षांचे आधार साठलेली दुकानं मी पाहिली आहेत. जिथे चालत असेल तिथे गिऱ्हाइकाला झाकलेलं आधार द्यायला सांगा, त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात.

विंडोज ७ बद्दल स्पष्ट बोलते. मायक्रोसॉफ्टने त्याचा पाठिंबा, म्हणजे नेहमीच्या दुरुस्त्या पुरवणं, १४ जानेवारी २०२० ला थांबवला, आणि क्रोमची त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती १०९, म्हणजे २०२३ च्या सुरुवातीची. त्यानंतर सापडलेली भोकं त्यात तशीच उघडी आहेत. वर सांगितलेली सगळी सेटिंग त्यावर केली तरी हे भोक बुजत नाही. ऐपत नसेल तर तो कॉम्प्युटर इंटरनेटवरून काढा आणि झेरॉक्स, प्रिंट, टायपिंग यांना ठेवा. किंवा त्यावर विंडोजऐवजी चालणारी लिनक्स मिंट ही फुकट प्रणाली टाका, फायरफॉक्स त्यात येतोच, फॉर्म भरायला पुरतो. पण ठसे घेणारं उपकरण त्याला लावायचं असेल तर लिनक्सचा ड्रायव्हर (उपकरण चालवणारा प्रोग्रॅम) मिळतो का ते आधी विक्रेत्याला विचारा, कारण बहुधा ते विंडोजसाठीच बनवलेले असतात. विंडोज १० चा पाठिंबाही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वाढीव सुरक्षा-दुरुस्त्यांची मायक्रोसॉफ्टची योजना आहे, घरगुती वापरासाठी ती ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. तेवढ्या मुदतीत पुढच्या कॉम्प्युटरची सोय बघा.

इतकं झाल्यावर पाळत ठेवणाऱ्या कुकींकडे वळा. लू मॉन्टुली या प्रोग्रॅमरने १९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझर-कंपनीत कुकी बनवली ती साध्या गरजेपोटी, ऑनलाइन खरेदीची टोपली लक्षात राहावी म्हणून. पुढे एका पानावर दुसऱ्याच कंपनीने कुकी ठेवायची आणि तुम्ही कुठकुठे गेलात ते जोडत जायचं, असा धंदा उभा राहिला. ॲपलचा सफारी ब्राउझर २०२० पासून अशा परक्या कुकी आपणहून अडवतो, फायरफॉक्सने २०२२ पासून प्रत्येक संकेतस्थळाची कुकी वेगळ्या डब्यात ठेवायला सुरुवात केली. गूगलने जानेवारी २०२० मध्ये दोन वर्षांत त्या बंद करू असं जाहीर केलं होतं, पण एप्रिल २०२५ मध्ये हा बेत बाजूला ठेवला. म्हणून क्रोममध्ये 'थर्ड-पार्टी कुकीज'मध्ये जाऊन त्या तुम्हालाच अडवाव्या लागतात. जाहिराती अडवायला क्रोमवर 'यूब्लॉक ओरिजिन लाइट' आणि फायरफॉक्सवर पूर्ण 'यूब्लॉक ओरिजिन' टाका. दुकानात याचा फायदा खाजगीपणाहून मोठा आहे: 'डाउनलोड' असं लिहिलेली खोटी बटणं आणि शोधाच्या वरच्या बाजूला येणाऱ्या बनावट जाहिराती बऱ्याच प्रमाणात दिसेनाशा होतात.

इथे माझी एक चूक सांगायला हवी. सुरुवातीच्या वर्षांत मी एका दुकानात उत्साहाने सगळ्याच कुकी बंद केल्या, जावास्क्रिप्टही (पानावरची बटणं-फॉर्म चालवणारा कोड) बंद केली, आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी एका प्रवेश-अर्जाची शेवटची तारीख होती. एकही पोर्टल उघडेना, बाहेर मुलांची रांग, आणि दुकानदाराला काय बदललंय ते कळेना. त्या दिवशी काही मुलांना दुसऱ्या गावी जाऊन अर्ज भरावा लागला. तेव्हापासून मी एका वेळी एकच सेटिंग बदलते आणि लगेच दुकानाची रोजची पाच-सहा पोर्टलं उघडून, पावती छापेपर्यंत जाऊन बघते. काही अडलं तर सेटिंग उलटवायचं नाही, त्या एका संकेतस्थळाला मुभा द्यायची. पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर ती मिळते. पावती नव्या खिडकीत उघडणाऱ्या पोर्टलांना पॉप-अपची परवानगी अशीच एकेकाला द्या. नव्या क्रोममध्ये एखादं पान तुमच्याच कॉम्प्युटरवरच्या किंवा दुकानाच्या नेटवर्कमधल्या उपकरणाशी बोलू लागलं तर परवानगी विचारली जाते. ठशांचं उपकरण अचानक बंद पडलं तर ही विचारणा कुणी नाकारली आहे का ते आधी बघा.

फसव्या पानांचा इशारा देणाऱ्या 'सेफ ब्राउझिंग'मध्ये 'एनहान्स्ड' हा पर्याय घ्यावा का, यावर जाणकारांत मतभेद आहेत. त्यात तुम्ही उघडता ती पानं तपासायला गूगलकडे जास्त माहिती जाते. घरच्या कॉम्प्युटरवर मी तो घेत नाही, दुकानात घेते. तिथे फसवं पान उघडण्याची शक्यता कितीतरी जास्त असते आणि नुकसान दुसऱ्याचं होतं. त्याच्या जवळच 'ऑलवेज यूज सिक्युअर कनेक्शन्स' चालू करा आणि 'सिक्युअर डीएनएस'मध्ये (डीएनएस म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा सर्व्हर शोधणारी सेवा) क्वाड९ निवडता आलं तर निवडा. क्वाड९ ज्ञात घातक पत्ते उघडूच देत नाही. फुकटचं व्हीपीएन, म्हणजे तुमचं इंटरनेट दुसऱ्याच्या, बहुधा परदेशातल्या सर्व्हरमधून फिरवणारी सेवा, मात्र नको. तुमची सगळी वाहतूक एका अनोळखी कंपनीच्या हाती जाते, आणि परदेशातून आलेली भेट अनेक सरकारी संकेतस्थळं अडवतात.

तुमचे स्वतःचे बँकेचे व्यवहार याच कॉम्प्युटरवर करू नका असं सांगेन. फोनवरून करा. नाइलाज असेल तर त्यासाठी फायरफॉक्स वेगळा ठेवा, त्यात दुसरं काही उघडू नका. बँकेचं पान शोधून काढू नका, पत्ता टाइप करा. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' अशा शेवटाच्या पत्त्यावर जायला सांगितलं होतं. तो शेवट फक्त बँकांना मिळतो, तेव्हा पत्त्याचा शेवट वाचायची सवय लावा. पतसंस्था बँक नव्हेत, त्यांना हा पत्ता मिळत नाही. पत्त्याजवळच्या कुलपाच्या चित्रावर विसंबू नका. फसव्या पानांनाही ते फुकट मिळत होतं, म्हणूनच क्रोमने २०२३ मध्ये ते चित्र काढून टाकलं. आणि पैसे गेलेच, तुमचे किंवा गिऱ्हाइकाचे, तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत-क्रमांकावर फोन करा. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम पुढे सरकण्याआधी अडवण्याची शक्यता जास्त.

एका दिवसात सगळं होणार नाही. आज रात्री नोटिफिकेशन आणि एक्स्टेंशनं, उद्या सकाळी फॉर्मची आठवण पुसून साइन-इन बंद, रविवारी बाकीचं. रविवारी झालं की दुकानातल्या दुसऱ्या माणसाला कॉम्प्युटरपुढे बसवा, रोजचं पोर्टल उघडून नावाच्या चौकटीत 'स' टाइप करायला सांगा, मग मोबाइलच्या चौकटीत '९'. खाली कुणाचंही नाव किंवा नंबर आला तर काय राहिलं ते मला लिहा, आपण ते शोधून काढू.